संशयाचा फायदा कोणाला? अमेरिकेतील जखमी सैनिकांच्या अपिलांचा इतिहास

१/
११ एप्रिल १७९२. फिलाडेल्फियातील फेडरल सर्किट कोर्टापुढे विल्यम हेबर्न या माजी सैनिकाचा अर्ज आला. स्वातंत्र्ययुद्धात अपंगत्व आल्याबद्दल निवृत्तिवेतन मिळावे, एवढीच त्याची मागणी होती. असे अर्ज ऐकण्याचे काम कायद्याने याच न्यायालयावर सोपवले होते. तरीही न्यायाधीशांनी अर्ज ऐकण्यास नकार दिला. हा नकार अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात अजरामर झाला. हेबर्न मात्र त्या दिवशी रिकाम्या हातांनी परतला.

२/
सैनिकाला आलेले अपंगत्व सेवेमुळेच आले, हे कोणी ठरवायचे? डॉक्टरने, कारकुनाने, मंत्र्याने, संसदेने की न्यायाधीशाने? आणि एकाने नाकारले तर दाद कोणाकडे मागायची? या साध्या भासणाऱ्या प्रश्नांची उत्तरे अमेरिकेने सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळात अनेकदा बदलली. या थ्रेडमध्ये त्या बदलांचा मागोवा.

३/
आरंभ एका आश्वासनापासून होतो. ऑगस्ट १७७६ मध्ये, स्वातंत्र्याची घोषणा होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा काँटिनेंटल काँग्रेसने ठराव केला: लढाईत ज्याचा अवयव जाईल किंवा जो उपजीविका करण्यास असमर्थ होईल, त्याला अर्धे वेतन मिळेल. पण काँग्रेसच्या तिजोरीत पैसाच नव्हता. अंमलबजावणी निरनिराळ्या राज्यांवर सोपवली गेली. कोणी पैसे दिले, कोणी दिले नाहीत. युद्ध संपल्यावर अनेक अपंग सैनिकांच्या हाती वचन उरले, वेतन नाही.

४/
नव्या संविधानानंतर हा भार केंद्र सरकारने उचलला. २३ मार्च १७९२ च्या कायद्याने एक कार्यपद्धती आखली. सैनिकाने सर्किट कोर्टात अर्ज करायचा. न्यायाधीशांनी जखमेचे स्वरूप व प्रमाण तपासून आपले मत युद्धमंत्र्याला कळवायचे. आणि अर्जात लबाडी किंवा चूक असल्याचा संशय आला, तर युद्धमंत्र्याने ते नाव रोखून काँग्रेसला कळवायचे. म्हणजे न्यायालयाचे मत अंतिम नव्हते. त्यावर मंत्री आणि मंत्र्यावर संसद.

५/
न्यायाधीशांचा आक्षेप नेमका येथेच होता. ज्या निर्णयाला मंत्री बाजूला सारू शकतो, तो न्यायनिर्णय कसा म्हणायचा? पेनसिल्व्हेनियात जेम्स विल्सन, जॉन ब्लेअर व रिचर्ड पीटर्स यांनी काम करण्याचेच नाकारले आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्राने कारण कळवले. नॉर्थ कॅरोलिनातून जेम्स आयर्डेल यांनीही अशाच आशयाचे पत्र पाठवले. न्यूयॉर्कमध्ये सरन्यायाधीश जॉन जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधला मार्ग काढला: न्यायालय म्हणून नव्हे, तर आयुक्त म्हणून आपण हे अर्ज तपासू.

६/
महान्यायवादी एडमंड रँडॉल्फ यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली की, पेनसिल्व्हेनियाच्या न्यायाधीशांना हेबर्नचा अर्ज ऐकण्याचा आदेश द्यावा. रँडॉल्फ यांना अशी मागणी करण्याचा अधिकार आहे का, यावरच न्यायमूर्तींमध्ये समसमान मतभेद झाले. मग त्यांनी हेबर्नच्या वतीने मागणी मांडली. न्यायालयाने निर्णय पुढच्या सत्रावर ढकलला, आणि तेवढ्यात फेब्रुवारी १७९३ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला. पुरावे गोळा करण्याची नवी व्यवस्था आली. निर्णय युद्धखाते आणि काँग्रेसकडे राहिला. कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जाणारा हा खटला प्रत्यक्षात कधी निकाली निघालाच नाही.

७/
या घटनात्मक वादाची किंमत येल टॉड या सैनिकाने चुकवली. आयुक्त म्हणून बसलेल्या न्यायाधीशांनी त्याचा दावा मान्य केला होता आणि त्याला पैसेही मिळाले होते. पण न्यायाधीशांना आयुक्त म्हणून तसा अधिकार होता का, हे ठरवण्यासाठी त्याच्याच नावे चाचणी खटला उभा राहिला. फेब्रुवारी १७९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला: १७२ डॉलर ९१ सेंट परत करावेत. त्याच्या जखमेबद्दल वाद नव्हता. तिच्यावर मत देणाऱ्यांच्या अधिकाराबद्दल होता. हा निकाल त्या काळच्या निकालसंग्रहात छापलाही गेला नाही. १८५१ मध्ये दुसऱ्या एका खटल्याच्या टिपेत तो प्रथम प्रसिद्ध झाला.

८/
यानंतर न्यायालये या विषयापासून दूर राहू लागली. नौदलातील प्रसिद्ध अधिकारी स्टीफन डिकेटर यांच्या पत्नी सुझन डिकेटर यांचे प्रकरण अपंगत्वाचे नव्हते, विधवा निवृत्तिवेतनाचे होते. पण त्यातून पडलेला पायंडा सैनिकांनाही जाचक ठरला. १८३७ मध्ये एकाच दिवशी काँग्रेसने एक सर्वसाधारण कायदा आणि केवळ सुझन यांच्यासाठी एक ठराव संमत केला. दोन्हींचा लाभ मिळावा, असे त्यांचे म्हणणे. नौदलमंत्री जेम्स पॉल्डिंग म्हणाले, एकच मिळेल. १८४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्याचा अर्थ लावणे हे मंत्र्याच्या विवेकाचे काम आहे. त्याला आम्ही परमादेश देणार नाही.

९/
मग आले यादवी युद्ध. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने उत्तरेकडील सैन्यासाठी निवृत्तिवेतनाची मोठी यंत्रणा उभी केली. पूर्णतः अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्यावरील अधिकाऱ्याला ३० डॉलर. एकाच तोफगोळ्याने दोघांचे पाय गेले तरी हुद्द्यानुसार त्यांचे मोल निराळे! दाव्याची तपासणी सरकारने नेमलेले शल्यचिकित्सक करीत, निर्णय पेन्शन ब्यूरो देई, आणि दाद इंटिरिअर खात्याच्या मंत्र्याकडे मागता येई. म्हणजे अपील त्याच खात्याच्या वरच्या मजल्यावर.

१०/
कागदोपत्री हा कायदा गोऱ्या व कृष्णवर्णीय सैनिकांत भेद करीत नव्हता. पुराव्याची अट मात्र भेद करीत होती. गुलामगिरीत जन्मलेल्या सैनिकाकडे जन्माची नोंद नव्हती, विवाहाचा दाखला नव्हता. पुष्कळांची नावे स्वातंत्र्यानंतर बदललेली होती. ‘तो’ सैनिक आपणच, हे सिद्ध करण्यापासून त्यांची सुरुवात होई. ब्यूरोचे विशेष तपासनीस गावोगाव जाऊन शेजारी, जुने सोबती, सुईणी यांच्या जबान्या घेत. संशयापोटी जमवलेले हे कागद आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गुलामगिरीतील कुटुंबजीवनाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी ते अनमोल साधन ठरले आहे.

११/
ब्यूरोने नाकारले, मंत्र्यानेही नाकारले, तर तिसरी वाट होती काँग्रेसची. एखादा सदस्य त्या एका व्यक्तीसाठी खासगी विधेयक मांडी. हॅरिएट टबमन यांनी युद्धात परिचारिका, स्वयंपाकीण व हेर म्हणून काम केले होते. पण त्या सेवेचे निवृत्तिवेतन त्यांना मिळेना. १८९५ मध्ये ८ डॉलर मंजूर झाले ते सैनिकाची विधवा म्हणून. १८९९ मध्ये काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून ही रक्कम २० डॉलरवर नेली. ज्याच्या पाठीशी सदस्य उभा राहील त्याला न्याय, असा या वाटेचा स्वभाव होता.

१२/
राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना ही वाट खटकली. पहिल्या कारकिर्दीत त्यांनी अशी दोनशेहून अधिक विधेयके नकाराधिकाराने परत पाठवली. ब्यूरोने कागद तपासून नाकारलेले दावे राजकीय वशिल्याने मंजूर का व्हावेत, हा त्यांचा मुद्दा. विरोधक आठवण करून देत की, यादवी युद्धात त्यांनी स्वतःऐवजी पैसे देऊन बदली माणूस पाठवला होता. दोन्ही बाबी खऱ्या होत्या. १८९० च्या कायद्याने तर अपंगत्व युद्धामुळेच आले असावे, ही अटही शिथिल झाली आणि निवृत्तिवेतन सरकारी खर्चाची सर्वांत मोठी बाब बनली. पेन्शन ब्यूरोसाठी बांधलेली विटांची प्रचंड इमारत वॉशिंग्टनमध्ये आजही उभी आहे. तिच्या भिंतीभोवती यादवी युद्धातील सैनिकांची शिल्पपट्टी आहे. आता तेथे नॅशनल बिल्डिंग म्युझियम आहे.

१३/
पहिल्या महायुद्धानंतर लाखो नवे दावेदार आले. १९३० मध्ये विखुरलेली खाती एकत्र करून व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले. तोवर महामंदी सुरू झाली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सत्तेवर येताच २० मार्च १९३३ रोजी काटकसरीच्या कायद्यावर सही केली. या कायद्याने माजी सैनिकांचे लाभ छाटले आणि त्याचबरोबर प्रशासनाच्या निर्णयांना न्यायालयात आव्हान देण्याचा मार्ग बंद केला. वस्तुस्थिती असो वा कायद्याचा अर्थ, प्रशासनाचा शब्द अखेरचा.

१४/
त्याच वर्षी २८ जुलैला रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेशाने बोर्ड ऑफ व्हेटरन्स अपील्स स्थापन केले. हे अपील मंडळ प्रशासनाच्याच अंतर्गत होते. त्याच्या तीन सदस्यांच्या पीठात अनेकदा एक डॉक्टर असे, आणि दावेदाराच्या आजाराबद्दल मंडळ स्वतःचेच वैद्यकीय मत ग्राह्य धरी. म्हणजे साक्षीदार आणि न्यायाधीश एकच. त्याची उलटतपासणी कोण घेणार? पुढची ५५ वर्षे बहुतेक सैनिकांसाठी हीच अखेरची पायरी होती. सरकार व सैनिक यांचे नाते पालक-पाल्याचे आहे, तेथे कोर्टकचेऱ्या कशाला, हे या व्यवस्थेचे तत्त्वज्ञान.

१५/
वकिलांना दूर ठेवण्याची सोय तर त्याही आधीची. यादवी युद्धात सैनिकांना लुबाडणाऱ्या दलालांचा सुळसुळाट झाला, म्हणून १८६२ मध्ये वकिलाचे शुल्क ५ डॉलर आणि १८६४ मध्ये १० डॉलर असे मर्यादित केले गेले. त्या काळी १० डॉलर म्हणजे अपंग शिपायाच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून अधिक. नवल हे की, विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातही मर्यादा १० डॉलरच होती! एवढ्या पैशांत कोणता वकील वैद्यकीय कागदांचे गठ्ठे वाचणार? अमेरिकन लीजनसारख्या संघटनांचे प्रतिनिधी विनामूल्य मदत करीत. गुंतागुंतीच्या दाव्यांत मात्र ती पुरेशी ठरत नसे.

१६/
सर्वांत गुंतागुंतीचे दावे अणुचाचण्यांच्या साक्षीदार सैनिकांचे. चाचणीच्या वेळी जवळ उभे केलेल्या सैनिकाला कर्करोग झाला तो वीस-तीस वर्षांनी. किरणोत्साराची मात्रा किती होती, याच्या नोंदी सरकारकडेच, कित्येकदा अपुऱ्या. या सैनिकांच्या संघटनेने १० डॉलरच्या मर्यादेला आव्हान दिले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती वैध ठरवली. दाव्याची प्रक्रिया वादविवादाची नाही, ती साधी राहावी आणि पैसा सैनिकाच्याच हाती पडावा, हा काँग्रेसचा हेतू रास्त आहे, असे बहुमत म्हणाले. अल्पमताचे उत्तर होते की, सरकारशी झगडताना स्वतःचा वकील निवडणे हा नागरिकाच्या स्वातंत्र्याचा भाग आहे.

१७/
चित्र पालटवले ते व्हिएतनामच्या पिढीने. एजंट ऑरेंज या रसायनाची बाधा, युद्धोत्तर मानसिक आघात: या दाव्यांना जुन्या चौकटी अपुऱ्या पडत होत्या. व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका ही संघटना न्यायालयाचे दार उघडावे यासाठी आग्रही होती. गंमत अशी की, अनेक जुन्या सैनिक संघटनांचा याला दीर्घकाळ विरोध होता. आपुलकीची व्यवस्था मोडेल, अशी त्यांची भीती. सिनेटने विधेयक पुनःपुन्हा संमत करावे आणि प्रतिनिधीगृहात ते अडावे, असे जवळपास दशकभर चालले. अखेर १८ नोव्हेंबर १९८८ रोजी रोनाल्ड रेगन यांनी न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कायद्यावर सही केली. माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय जन्मले. वकिलांच्या शुल्काची जुनी बेडीही त्याच कायद्याने सैल केली.

१८/
तेव्हापासूनची शिडी साधारण अशी. पहिला निर्णय प्रादेशिक कार्यालयाचा. तेथे तीन गोष्टी लागतात: आजचे अपंगत्व, सेवेतील घटना किंवा आजार, आणि या दोहोंना जोडणारा दुवा. बहुतेक दावे तिसऱ्यावर अडतात. मान्य झाल्यास अपंगत्वाची टक्केवारी दहाच्या पटीत ठरते. मग अपील मंडळ. ते पुरावा नव्याने तोलते. मंडळाने नाकारल्यास १२० दिवसांत न्यायालय. तेथे नवा पुरावा चालत नाही, जुनी कागदपत्रेच तपासली जातात. पुढे फेडरल सर्किटचे अपील न्यायालय, ते मुख्यतः कायद्याच्या प्रश्नांपुरते. आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालय.

१९/
नव्या न्यायालयाने १९९० मध्ये गिल्बर्ट विरुद्ध डर्विन्स्की या खटल्यात पाया घातला. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात पारडे किंचित तरी झुकावे लागते. सैनिकाच्या दाव्यात मात्र पुरावा दोन्ही बाजूंनी जवळपास समतोल असला, तरी निकाल सैनिकाच्या बाजूनेच लागला पाहिजे. न्यायालयाने दाखला बेसबॉलचा दिला. आपल्याकडे क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येकाला तो समजेल. पंचाला खात्री नसेल तर फलंदाज नाबाद. शिवाय मंडळाने नकाराची कारणे लिहिलीच पाहिजेत, हेही न्यायालयाने बजावले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या निकालाने मंडळाला स्वतःच्या वैद्यकीय मतावर विसंबण्यास मनाई केली.

२०/
तरीही नियमांचा काच सुटला नव्हता. डेव्हिड हेंडरसन हे कोरिया युद्धाच्या काळातील सैनिक. पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन १९५२ मध्ये त्यांना सेवामुक्त केले गेले. अपंगत्व शंभर टक्के. घरी काळजी घेण्यासाठी मदत मिळावी, हा त्यांचा नंतरचा दावा मंडळाने नाकारला. न्यायालयात अपील पोहोचले ते १५ दिवस उशिरा. उशिराचे कारण आपला आजारच आहे, हे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने अपील फेटाळले: मुदत गेली की आम्हाला अधिकारच नाही. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, सैनिकांसाठी आखलेल्या उदार व्यवस्थेत ही मुदत इतकी कठोर मानता येणार नाही. हेंडरसन हा निकाल ऐकू शकले नाहीत. खटला चालू असतानाच त्यांचा मृत्यू झाला होता.

२१/
विलंब हा या व्यवस्थेचा जुना रोग. मंडळ प्रकरण फेरतपासणीसाठी खाली पाठवी, खालून ते पुन्हा वर येई, आणि या येरझाऱ्यांत वर्षे सरत. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये नवा कायदा झाला आणि १९ फेब्रुवारी २०१९ पासून तो लागू झाला. नकारानंतर सैनिकासमोर आता तीन वाटा असतात: नवा पुरावा जोडून पूरक दावा, त्याच पुराव्यावर वरिष्ठाकडून फेरविचार, किंवा थेट मंडळाकडे अपील. एक वाट फसली तर एका वर्षाच्या आत दुसरी धरता येते आणि दाव्याची मूळ तारीख कायम राहते. ही तारीख महत्त्वाची, कारण थकबाकी तिच्यापासून मोजली जाते.

२२/
मूळ प्रश्न मात्र पुन्हा वर आला. पुरावा ‘जवळपास समतोल’ आहे की नाही, हे मंडळाने ठरवल्यावर न्यायालयाने ते स्वतः नव्याने तोलून पाहावे का? मानसिक आघाताशी निगडित दोन दाव्यांतून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ मार्च २०२५ रोजी, बफकिन विरुद्ध कॉलिन्स या खटल्यात, सात विरुद्ध दोन मतांनी उत्तर आले: नाही. हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न. मंडळाची चूक उघड दिसत असेल तरच न्यायालयाने हात घालावा. काँग्रेसने २००२ मध्ये न्यायालयाला या नियमाकडे मुद्दाम लक्ष देण्यास सांगितले, त्याला मग अर्थ काय उरला, हा अल्पमतातील न्यायमूर्ती केटांजी ब्राउन जॅक्सन आणि नील गॉर्सच यांचा सवाल.

२३/
१७९२ मध्ये न्यायाधीश म्हणत होते, आमच्या निर्णयावर मंत्री बसणार असेल तर आम्ही निर्णय देणार नाही. २०२५ मध्ये प्रश्न उलटा झाला: प्रशासनाच्या निर्णयावर न्यायाधीशांनी कितपत बसावे? या दोन टोकांच्या मध्ये एक गोष्ट सावकाश बदलली. पूर्वी नोंद नसेल, साक्षीदार मेलेला असेल, आजार उशिरा प्रकटला असेल, तर त्या अपुरेपणाचे नुकसान सैनिकाच्या माथी पडे. आज निदान कायद्याच्या शब्दांत तरी ते सरकारने सोसायचे आहे. नोंदी ठेवण्याचे काम सरकारचे होते आणि सैनिकाला रणांगणावर धाडले तेही सरकारनेच, हे या नियमामागचे साधे तर्कशास्त्र.

२४/
युद्धांचा इतिहास वाचताना सेनापती, नकाशे, तह यांवर दृष्टी खिळते. त्याच युद्धांचा दुसरा इतिहास अपिलांच्या फायलींत पडून असतो: शल्यचिकित्सकाची दोन ओळींची टिप्पणी, शेजारणीची जबानी, नकाराचा शिक्का, पुन्हा केलेला अर्ज. एखादे राज्य आपल्या सैनिकांचा गौरव कसा करते, हे स्मारकांवरून कळते. त्यांच्यावर विश्वास किती ठेवते, हे या फायलींवरून.

(थ्रेड समाप्त)